कार्यक्रम आधी की विद्यार्थी आधी?

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की महाविद्यालयांतील कॅथलिक विद्यार्थी संघटनांच्या सभा भरू लागतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'यंदा कोणकोणते कार्यक्रम घ्यायचे?' आमच्या मते सुरुवात येथून होऊ नये.

भारतातील या चळवळीला शंभर वर्षांची परंपरा आहे. येशूसंघीय फादर पी. कार्टी यांनी १९२४ साली तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयात ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन, म्हणजेच 'आयकफ'ची मुहूर्तमेढ रोवली. युवा चळवळींना दिशा देणारी 'पाहा, पारखा, कृती करा' ही त्रिसूत्री बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांची. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ साली 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात तिचा पुरस्कार केला. कार्यक्रमांची आखणीही याच क्रमाने व्हावी.

प्रथम पाहावे. आपल्या महाविद्यालयात कॅथलिक विद्यार्थी किती? लोकलने ये-जा करणारे कोण, वसतिगृहात एकटे राहणारे कोण, शिकता शिकता नोकरी करणारे कोण?

मग पारखावे. शुभवर्तमानाच्या प्रकाशात, प्रार्थनापूर्वक, त्यांची खरी गरज कोणती ते ठरवावे. दहा समारंभांपेक्षा गरजेचे दोन उपक्रम बरे.

त्यानंतर कृती. सत्र परीक्षांचे वेळापत्रक आणि उपासनावर्ष समोर ठेवूनच तारीख निश्चित करावी. ८ सप्टेंबरच्या मारियामातेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास किंवा नाताळच्या तोंडावर युवक आपापल्या धर्मग्रामांत गुंतलेले असतात. सभागृहाची परवानगी लेखी घ्यावी. बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला आहे (लूक १४:२८), तो खजिनदाराने विसरू नये. प्रत्येक कामावर दोघे असावेत आणि त्यांतील एक प्रथम वर्षाचा असावा. अन्यथा अंतिम वर्षाचे विद्यार्थी बाहेर पडताच संघटना ओस पडते.

हे शहाणपण आम्हांस चुकूनच आले. काही वर्षांपूर्वी आम्ही एक शिबिर योजिले. वक्ते मिळाले, सभागृह मिळाले. विद्यार्थ्यांना मात्र कोणी विचारले नाही. पुढच्याच आठवड्यात परीक्षा होती. सत्तर जणांचा स्वयंपाक झाला, आले अकरा. निघताना त्यांतील एक मुलगी म्हणाली, "फादर, आमच्या वसतिगृहात आणखी सहा कॅथलिक मुली आहेत. त्यांना कोणी कळवलेच नाही."

तेव्हापासून आम्ही सभागृहाआधी नावांची यादी करतो.

धर्मग्रामांना आमची एवढीच विनंती आहे : आपला मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी शहरात निघाली की तिचे नाव तेथील विद्यार्थी मार्गदर्शक धर्मगुरूंना अवश्य कळवावे. ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याला निमंत्रण तरी कसे पोहोचणार?