उत्तरदायित्वाची नीती : ‘सिव्हिल वॉर’ या चित्रकथेतील टोनी स्टार्कच्या निर्णयांचे समर्थन

बीजसंज्ञा : चित्रकथा, अतिमानव नोंदणी कायदा, उत्तरदायित्व, राज्यसंस्था, नागरी स्वातंत्र्य

प्रस्तावना :

चित्रकथा म्हणजे केवळ बालरंजनाचे साधन, ही समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मागे पडली. अमेरिकन चित्रकथांनी वंशभेद, युद्ध, व्यसनाधीनता यांसारख्या प्रश्नांना हात घातला. मार्व्हल या प्रकाशनसंस्थेची ‘सिव्हिल वॉर’ ही 2006-07 मध्ये सात अंकांतून प्रसिद्ध झालेली चित्रकथा याच परंपरेतील आहे. तिचे लेखन मार्क मिलर यांचे आणि चित्रांकन स्टीव्ह मॅकनिव्हन यांचे आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत त्याच वर्षी ‘पेट्रिअट’ कायदा संमत झाला आणि 2002 मध्ये ग्वांटानामो येथील बंदिवास सुरू झाला. सुरक्षितता आणि स्वातंत्र्य यांपैकी कशाची किती किंमत मोजावी, हा त्या काळातील वाद या कथेत नायकांच्या आपसांतील संघर्षाच्या रूपाने अवतरला आहे.

आपल्याकडील बहुसंख्य रसिकांना हा संघर्ष 2016 च्या ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ या चित्रपटामुळे परिचित आहे. चित्रपटात वादाचा विषय आंतरराष्ट्रीय कराराचा आहे, तर मूळ कथेत तो देशांतर्गत कायद्याचा आहे. मूळ कथेच्या वाचकांची सहानुभूती बहुधा कॅप्टन अमेरिकाकडे जाते आणि ‘आयर्न मॅन’ म्हणजेच टोनी स्टार्क हा सत्तेला विकला गेलेला मित्रद्रोही ठरतो. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संघर्षाची पार्श्वभूमी :

‘न्यू वॉरियर्स’ हा तरुण अतिमानवांचा गट एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी कनेक्टिकट राज्यातील स्टॅमफर्ड शहरात काही गुन्हेगारांवर छापा घालतो. समोरचे गुन्हेगार आपल्याहून बलवान आहेत, याची कल्पना असूनही केवळ कार्यक्रमाच्या लोकप्रियतेसाठी हे साहस केले जाते. त्यांपैकी नायट्रो हा गुन्हेगार एका शाळेजवळ स्वतःचा स्फोट घडवून आणतो. त्यात सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात व मृतांत शाळकरी मुलांचा मोठा भरणा असतो. अंत्यविधीच्या वेळी मिरियम शार्प ही मुलगा गमावलेली माता टोनी स्टार्कच्या तोंडावर थुंकते. जमावाचा क्षोभ इतका अनावर होतो की, या घटनेशी काहीही संबंध नसलेल्या जॉनी स्टॉर्मला रस्त्यावर बेदम मारहाण होते.

यानंतर ‘अतिमानव नोंदणी कायदा’ संमत होतो. अतिमानवी शक्ती धारण करणाऱ्याने शासनाकडे आपली खरी ओळख नोंदवावी, प्रशिक्षण घ्यावे आणि शासनाला उत्तरदायी राहून काम करावे, असा त्याचा आशय आहे. स्टार्क कायद्याच्या बाजूने उभा राहतो. शासन उद्या कोणालाही शत्रू ठरवील व नायकांना त्याच्यावर सोडील, या भीतीने कॅप्टन अमेरिका विरोधात जातो.

स्टार्कच्या निर्णयामागील तत्त्व :

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी 1919 मध्ये म्युनिक येथे दिलेल्या सुप्रसिद्ध व्याख्यानात दोन विचार मांडले. एका विशिष्ट भूप्रदेशात वैध बलप्रयोगाचा एकाधिकार यशस्वीपणे सांगणारी संस्था म्हणजे राज्यसंस्था, हा पहिला विचार होय. दुसरा विचार नीतीच्या दोन प्रकारांसंबंधीचा आहे. ‘निष्ठेची नीती’ मानणारा मनुष्य तत्त्वाशी प्रामाणिक राहतो आणि परिणामांचा भार ईश्वरावर वा जगावर सोपवतो. ‘उत्तरदायित्वाची नीती’ मानणारा आपल्या कृतीच्या अपेक्षित परिणामांचे उत्तर स्वतः देतो.

पहिल्या विचाराच्या कसोटीवर मुखवटाधारी नायकांची परंपराच संशयास्पद ठरते. आपण कोण आहोत हे न सांगता, कोणाच्याही परवानगीविना बलप्रयोग करणारी व्यक्ती सद्हेतूने वागत असली, तरी पीडिताला दाद मागण्यासाठी तिचा पत्ता नसतो. वैद्याला व्यवसायासाठी नोंदणी करावी लागते, वाहनचालकाला परवाना लागतो, पोलिसाच्या गणवेशावर त्याचे नाव असते. एका हाताने इमारत उचलू शकणाऱ्याला मात्र यांतील कोणतेही बंधन नको, ही भूमिका लोकशाहीत टिकणारी नाही. मिरियम शार्पचा प्रश्न हाच आहे, आणि कॅप्टन अमेरिकाच्या भूमिकेत त्याचे समाधानकारक उत्तर नाही.

दुसऱ्या विचाराच्या आधारे दोन्ही नायकांतील भेद स्पष्ट होतो. कॅप्टन अमेरिका निष्ठेच्या नीतीचा प्रतिनिधी आहे, तर स्टार्क उत्तरदायित्वाच्या नीतीचा. स्टॅमफर्डच्या घटनेपूर्वी स्टार्कने वॉशिंग्टनमध्ये याच कायद्याच्या विरोधात बाजू मांडली होती, ही बाब त्याच्या टीकाकारांकडून बहुधा दुर्लक्षिली जाते. स्टॅमफर्डनंतर कायदा अटळ झाला. प्रश्न उरला तो अंमलबजावणी कोण करणार एवढाच. अतिमानवांविषयी आत्मीयता नसलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती ती जाऊ द्यायची, की आपल्यापैकी कोणी ती स्वीकारायची? ‘शिल्ड’ या सुरक्षा संघटनेची प्रमुख मारिया हिल हिने तर कायदा अमलात येण्यापूर्वीच कॅप्टन अमेरिकाला पकडण्याचा प्रयत्न केला होता. अशा स्थितीत स्टार्कने पत्करलेली भूमिका संधिसाधूपणाची ठरत नाही. मित्रांचा रोष ओढवून घेऊनही अनिष्टाची तीव्रता कमी करण्याचा तो प्रयत्न होता.

आक्षेपांचा विचार :

स्टार्कचे समर्थन करताना त्याच्या प्रत्येक कृतीचे समर्थन करण्याची आवश्यकता नाही. निर्णय आणि निर्णयाच्या पूर्ततेसाठी वापरलेली साधने यांत भेद करणे हेच येथे महत्त्वाचे आहे.

साधनांच्या बाबतीत स्टार्कचे दोष गंभीर आहेत. थॉर या देवतुल्य नायकाच्या केसापासून त्याचे प्रतिरूप निर्माण करण्यात आले, आणि त्या अनावर प्रतिरूपाने गोलायथ म्हणजेच बिल फॉस्टर याचा बळी घेतला. नोंदणी नाकारणाऱ्यांना ‘निगेटिव्ह झोन’ या परक्या मितीतील तुरुंगात खटल्याविना डांबण्यात आले. नायकांना पकडण्यासाठी अट्टल गुन्हेगारांचे साहाय्य घेण्यात आले. ल्यूक केज हा आपल्या घरी शांतपणे बसून होता, तरी कायदा लागू होताच मध्यरात्री त्याच्या दारी सशस्त्र पथक पाठवण्यात आले. या कृत्यांचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु त्यांमुळे नोंदणीचे तत्त्व चुकीचे ठरते, असेही नव्हे. पोलीस कोठडीतील अत्याचार निषेधार्ह असतात, म्हणून पोलीस यंत्रणाच नसावी, असा निष्कर्ष कोणी काढत नाही. न्यायालयीन देखरेखीचा अभाव हा या कायद्याचा खरा दोष आहे.

गुप्त ओळख उघड झाल्यास नायकांच्या कुटुंबीयांचे काय, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्टार्कवर विश्वास ठेवून पीटर पार्कर म्हणजेच स्पायडरमॅन याने पत्रकारांसमोर मुखवटा उतरवला. पुढे त्याने बाजू बदलली, आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेत त्याला उद्देशून झाडलेली गोळी त्याच्या मे काकूला लागली. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. कायद्याने मागितली होती ती शासनाकडील नोंद. सर्व जगासमोर मुखवटा उतरवणे ही कायद्याची अट नव्हती. कायद्याला लोकमान्यता मिळावी म्हणून ते केले गेले, आणि त्याला प्रोत्साहन देणारा स्टार्क या दुर्घटनेच्या नैतिक जबाबदारीतून मुक्त होत नाही.

नोंदींची यादी उद्या दुष्टांच्या हाती पडली तर काय, हा तिसरा आक्षेप कॅप्टन अमेरिकाच्या भीतीचा गाभा आहे. ही भीती खरी ठरली. 2008 च्या ‘सीक्रेट इन्व्हेजन’ या कथेनंतर सत्ता नॉर्मन ऑस्बॉर्न या जुन्या खलनायकाच्या हाती गेली. मात्र त्यानंतर स्टार्कने जे केले, त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. मॅट फ्रॅक्शन यांनी लिहिलेल्या 2009 च्या कथानकात स्टार्क ती यादी सर्वत्र नष्ट करतो. उरलेली एकमेव प्रत त्याच्या स्वतःच्या मेंदूत असते. ऑस्बॉर्नला ती मिळू नये म्हणून तो आपली स्मृती आणि बुद्धी टप्प्याटप्प्याने पुसत जातो. ज्याची सारी प्रतिष्ठा बुद्धीवर उभी होती, त्याने इतरांच्या सुरक्षिततेसाठी बुद्धीच पणाला लावली. विश्वासाने सोपवलेल्या माहितीचे उत्तरदायित्व याहून अधिक कोणते असू शकेल?

संघर्षाचा शेवट :

शेवटच्या लढाईत कॅप्टन अमेरिका स्टार्कवर अखेरचा घाव घालण्याच्या बेतात असतो. त्या वेळी त्याला आवरतात ते सामान्य नागरिक आणि आपत्कालीन सेवेतील कर्मचारी. आपल्या लढाईने शहराची झालेली नासधूस पाहून तो शस्त्र टाकतो. ज्या जनतेच्या नावाने लढा चालला होता, तिचेच मत आपण विचारात घेतले नव्हते, याची ही कबुली आहे. स्टार्कची भूमिका तत्त्वतः मान्य करणारा हा प्रसंग म्हणजे कथेचा निर्णायक क्षण होय.

परंतु विजयाचा आनंद स्टार्कच्याही वाट्याला येत नाही. 2007 मध्ये कॅप्टन अमेरिकाची हत्या होते. ब्रायन मायकल बेंडिस यांच्या ‘द कन्फेशन’ या अंकात मित्राच्या शवापुढे बसलेला स्टार्क हे सारे या किमतीच्या योग्यतेचे नव्हते, अशी कबुली देतो. ही कबुली त्याच्या पराभवाची खूण मानली जाते. वस्तुतः परिणामांचा भार दुसऱ्यावर न टाकणे हेच उत्तरदायित्वाच्या नीतीचे लक्षण आहे, आणि या कबुलीत ते पूर्णांशाने दिसते.

निष्कर्ष :

1. अतिमानवी शक्तीचा वापर कायद्याच्या चौकटीत व्हावा, हा स्टार्कचा मूलभूत निर्णय लोकशाही तत्त्वांशी सुसंगत आहे.

2. विनाखटला बंदिवास, प्रतिरूपाची निर्मिती आणि गुन्हेगारांचा वापर ही साधने असमर्थनीय आहेत. तथापि त्यांमुळे मूळ तत्त्व बाधित होत नाही.

3. नोंदींचा दुरुपयोग होईल ही कॅप्टन अमेरिकाची भीती यथार्थ होती. 2010 च्या ‘सीज’ या कथेनंतर सदर कायदा रद्द होतो, यावरून न्यायालयीन नियंत्रणाविना केलेली नोंदणी टिकाऊ ठरत नाही, असे दिसते.

4. स्टार्कचे मोठेपण तो अचूक होता यात नाही. चुकीची किंमत त्याने इतरांकडून वसूल होऊ दिली, तेथे तो दोषी आहे. ती स्वतः मोजली, तेथे तो आदरास पात्र आहे.

शक्ती कोणाच्याही हाती असो, तिचा जाब विचारण्याचा अधिकार मिरियम शार्पसारख्या सामान्य नागरिकाला असला पाहिजे. सदर चित्रकथेत हा अधिकार प्रथम मान्य करणारा नायक टोनी स्टार्क आहे, आणि त्याच्या वादग्रस्त निर्णयांचे मूल्यमापन या बिंदूपासून सुरू होणे उचित ठरेल.