पणजोबांची गुप्ती कोणत्या सालची?

जुन्या वाड्यात एखादी जाड काठी सापडते. मूठ फिरवून ओढली की आतून पाते निघते. हीच गुप्ती. घरची माणसे म्हणतात, ‘पणजोबांची आहे.’ पण साल कोणते?

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे सरकारी दप्तरात फसली सन चाले. तेव्हा मुठीवर किंवा पात्यावर उर्दू आकडे असतील, तर जपून वाचावेत. उर्दूतला पाच आपल्या शून्यासारखा दिसतो. शून्य म्हणजे नुसता ठिपका. समजा, १३१५ निघाले. सन फसली असेल तर त्यात ५९० मिळवा. १९०५-०६ साल आले. हिजरी असेल तर मात्र १८९७-९८. आठ वर्षांचा फरक पडला, बरं का! शेजारची अक्षरे उर्दू जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावीत.

आणखी एक. काठी मोडली की नवी घालता येते, जुन्या पात्याला नवी मूठ बसवता येते. म्हणून पाते, मूठ आणि काठी निरनिराळी तपासावीत. एकीवरचे साल तिघींचे धरू नये.

गंज दिसला म्हणून विटेच्या भुकटीने घासू नका. गंजाबरोबर अक्षरेही जातात, मग साल सांगणार कोण? कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात द्यावा.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या नियमांत गुप्ती तलवारीच्याच वर्गात येते. घरची आहे, जुनी आहे, म्हणून गप्प बसू नये; पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. आणि गुरुजी, ती घरात कोणाकडून आली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहून ठेवा.