तेरचं त्रिविक्रम मंदिर पाहिलंत का?

बेंबळीकरांनो, आपल्याच तालुक्यातल्या तेरला एकदा जाच! पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात उल्लेख असलेलं व्यापारी नगर ‘तगर’ ते हेच. इथला माल भडोचच्या बंदरात जाई. तेरणाकाठच्या या गावातलं त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे. गाभाऱ्याची मागची बाजू अर्धगोल आणि वर गजपृष्ठाकार छत! पुरातत्त्वज्ञ हेन्री कझेन्स यांनी यात मूळचं बौद्ध चैत्यगृह ओळखलं. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा. आत बळीच्या कथेतला त्रिविक्रम विष्णू. महाराष्ट्रात इतकी जुनी, अजून उभी असलेली विटांची वास्तू फार दुर्मीळ. संत गोरोबाकाकांची समाधीही इथेच. लामतुरे संग्रहालय मात्र चुकवू नका. आणि हो, मंदिराच्या विटांवर नावं कोरू नका.