मशेरी, हलते दात आणि फ्लॅप

‘दात साफ केले की ढिले होतात’ ही समजूत कर्जत-खालापूरच्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांवर जितकी पक्की, तितकीच खोपोलीच्या बिल्डिंगींतही. प्रत्यक्षात दात आधीच ढिले झालेले असतात. साचून दगड झालेल्या कीटणाने ते एकमेकांना जखडून ठेवलेले असतात, एवढंच. कीटण निघालं की खरी अवस्था उघडी पडते आणि खापर डॉक्टरवर फुटतं.

हिरडी आणि दात यांच्यामधली फट निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटर असते. जंतूंमुळे सूज टिकून राहिली की ती खोल होत जाते आणि दाताला धरणारं जबड्याचं हाड झिजतं. हे सगळं बहुधा न दुखता. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी हिरड्यांवर घासणाऱ्या बाया ‘हिने दात घट्ट राहतात’ असं सांगतात. पण जिथे मशेरी लावतात, नेमकी तिथलीच हिरडी मागे सरकते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याची फसगत वेगळी: त्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, म्हणून रोगच नाही असं वाटतं. त्यात मधुमेह आटोक्यात नसेल तर आगीत तेल.

उपचाराची सुरुवात शस्त्रक्रियेने होत नाही. आधी हिरडीखालून खोलवर सफाई, मग ४ ते ६ आठवडे थांबून पुन्हा मोजमाप. तरीही फट ५-६ मिलिमीटर राहिली आणि रक्त येत असेल, तर फ्लॅप शस्त्रक्रियेचा विचार होतो. जागा बधिर करून हिरडी दातापासून सोडवून उचलतात, मुळं डोळ्यांसमोर खरवडतात, सुजलेला खराब भाग काढतात आणि हिरडी बसवून टाके घालतात. स्वीडनच्या लिओनार्ड विडमन यांनी १९१८ मध्ये मांडलेली पद्धतच पुढे सुधारत आली आहे.

आणि हाडाचं काय? सगळीकडून सारखं झिजलेलं हाड पुन्हा वर चढत नाही. दाताच्या एखाद्या बाजूला खोल खड्डा पडला असेल, तरच त्यात बोन ग्राफ्ट भरण्यात अर्थ. कधी त्यावर पातळ पडदाही बसवतात, म्हणजे हिरडी आत वाढून ती जागा अडवत नाही. ग्राफ्टची पावडर कधी गाईच्या हाडापासून केलेली, कधी कृत्रिम असते. ज्यांना पहिली चालत नाही त्यांनी आधीच विचारावं.

आमच्या भागातली खरी अडचण त्यानंतरची. टाके आठवडा-दहा दिवसांनी काढायचे आणि पुढे दर तीन महिन्यांनी सफाई. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलं कातकरी कुटुंब पावसाच्या तोंडावर परततं. मधली सफाई कोण करणार? शस्त्रक्रियेसाठी आवणी (भातलावणी) उरकल्यापासून भातकापणीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात सोयीचा. सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय कर्जत लोकलने गाठता येतं, कामोठ्याला एमजीएमचंही आहे. मशेरी मात्र पहिल्या तपासणीच्या दिवशीच सोडा. ती चालू ठेवून फ्लॅप करून घेणार असाल, तर तेवढा खर्च न केलेला बरा.