एकटं राहणं आणि एकटं पडणं

ज्येष्ठांच्या नैराश्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे कुणाला जास्त? घरी राहणाऱ्यांना, एकट्यांना, की वृद्धाश्रमात असणाऱ्यांना?

आधी आकडे बघू. २०१७-१८ च्या ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्यांपैकी साधारण ६ टक्के लोक एकटे राहत होते. आणि लक्षणांवरून नैराश्याची दाट शक्यता दिसली साधारण ८ टक्क्यांमध्ये. म्हणजे एकटे राहणारे सगळेच्या सगळे निराश आहेत असं धरलं, तरी हिशेब पुरा होत नाही. उरलेले कुठे आहेत? भरल्या घरात. जेवणाचं ताट वेळेवर येतं, पण दिवसभरात कुणी दोन वाक्यं बोलत नाही. घरातल्या निर्णयात ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं कुणी विचारत नाही. याला म्हणायचं एकटं पडणं.

आता वृद्धाश्रम. तिथे नैराश्य जास्त दिसलं, तर लगेच आश्रमाला दोष देऊ नका. माणूस तिथे येतो तोच अनेकदा जोडीदार गेल्यावर किंवा आजारपण आल्यावर. दुःख तो बरोबर घेऊन येतो. स्वतः ठरवून आलेला आणि ‘आणून सोडलेला’ यांत फार फरक असतो.

मग ओळखायचं कसं? म्हातारपणी झोप कमी होणं, सांधे दुखणं हे नैराश्याशिवायही होतं. म्हणून १९८० च्या दशकात ज्येष्ठांसाठी जी खास प्रश्नावली तयार झाली, तिच्यात शारीरिक तक्रारींवर भर नाही. आयुष्याबद्दल समाधान आहे का, आवडीच्या गोष्टी सुटल्या का, रिकामं रिकामं वाटतं का, असे १५ प्रश्न तिच्या छोट्या रूपात आहेत. उत्तर फक्त हो किंवा नाही. त्यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांकडे जायचं का, हे कळतं. थायरॉईड किंवा बी-१२ची कमतरता असली तरी माणूस असाच मलूल दिसतो, तेही तपासावं लागतं.

‘वय झालं, चालायचंच’ हे वाक्य मात्र सोडा. नैराश्य हा आजार आहे, आणि सत्तरीतही तो उपचारांनी बरा होतो. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तो लिहून ठेवा. आणि आज घरातल्या ज्येष्ठांना ‘जेवलात का?’ याच्या पुढचा एक प्रश्न विचारा. उत्तर पुरतं ऐकून घ्या.