वाचून मिळवायची भाषा

चांदूर बाजार तालुक्यात सकाळपासून रात्रीपर्यंत कानांवर पडणाऱ्या भाषांची मोजदाद केली, तर घरात आणि शेतात वऱ्हाडी, शाळेत आणि कचेरीत ग्रांथिक मराठी, संत्र्याच्या बागेचा सौदा करायला आलेल्या परप्रांतीय व्यापाऱ्याशी हिंदी आणि अचलपूरच्या बाजूस थोडीफार उर्दू, अशी ती यादी होते. इंग्रजी या मुलुखात आहे, आणि पुष्कळ आहे. पण ती बोलीच्या रूपाने नाही, कागदाच्या रूपाने आहे. औषधाच्या वेष्टनावर, बँकेच्या अर्जावर, अभियांत्रिकीच्या नि वैद्यकाच्या क्रमिक पुस्तकांत ती आहे; आणि जमिनीचा जो दावा तालुक्याच्या न्यायालयात मराठीतून सुरू झाला, तो अपिलात नागपूर खंडपीठापर्यंत गेला की त्याचा निकाल ज्या भाषेत हाती पडतो, तीही इंग्रजीच, कारण संविधानाच्या ३४८व्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयांचे कामकाज त्या भाषेशी बांधलेले आहे.

या तालुक्यातील विद्यार्थ्याने इंग्रजी शिकावयाची म्हणजे काय करावयाचे, याचा विचार करताना ही वस्तुस्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. महानगरातील ज्या मुलाच्या कानांवर जिन्यात, दुकानात, खेळाच्या मैदानावर इंग्रजी पडत असते, त्याला ती पुस्तकाच्या आधी कानाने भेटते. चांदूर बाजारच्या मुलाला ती तशी भेटत नाही. मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजी बोल ऐकू येतात हे खरे; परंतु ज्या बोलाला उत्तर द्यावे लागत नाही, तो बोल कानांवरून वाहून जातो. सबब या मुलाने ती भाषा डोळ्यांनी आणि हाताने, म्हणजे वाचून आणि लिहून मिळवावयाची आहे. आणि तिचे व्याकरण हे त्या वाचन-लेखनाच्या दिमतीला असावयाचे आहे, त्याच्या जागी नव्हे.

कागदावरची परकी भाषा हा वऱ्हाडला नवा प्रसंग नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अचलपुरास इमादशाहीची गादी स्थापन झाली, तेव्हापासून आणि त्याच्याही आधीपासून दरबारी लिखापढीची फारसी या मुलुखाने पाहिली होती. ती येथील कुणब्याच्या घरात कधी बोलली गेली नाही. तरी अर्ज, दाखला, हुकूम, फिर्याद, वकील, तहसील हे शब्द आज त्याच कुणब्याच्या तोंडी इतके सहज बसले आहेत की ते परके होते याची त्याला आठवणही नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि फारसीच्या जागी वरच्या कचेऱ्यांत इंग्रजी बसली. उच्च शिक्षणाची सोय मात्र फार उशिरा झाली. आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाणारे अमरावतीचे किंग एडवर्ड महाविद्यालय १९२३ साली निघाले. तोपर्यंत वऱ्हाडच्या मुलाला पदवीसाठी नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठल्यावाचून गत्यंतर नव्हते. आता चांदूर बाजारात टोम्पे महाविद्यालय आहे आणि गावातल्या गावात पदवीपर्यंत शिकता येते.

तरीही त्या काळी पापळसारख्या खेड्यात प्राथमिक शाळेचे धडे गिरवलेले पंजाबराव देशमुख विलायतेस गेले, बॅरिस्टर झाले आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर इंग्रजीत प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परतले. आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारून त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळांची दारे उघडली. चांदूर बाजार तालुक्यातीलच माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांचे उदाहरण तर याहूनही विचार करावयास लावणारे आहे. शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या आणि तान्हेपणीच दृष्टी गमावलेल्या या पुरुषाने दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेतले, आणि डार्विन व स्पेन्सर यांसारख्या पाश्चात्त्य विचारवंतांच्या मतांचा आपल्या लेखनात परामर्श घेतला. ज्याला स्वतःला अक्षर दिसत नव्हते, त्याने ग्रंथ हेच ज्ञानाचे द्वार मानले, ही गोष्ट या तालुक्यातील प्रत्येक शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे.

आता व्याकरणाकडे वळू. इंग्रजी व्याकरण म्हणजे सर्वस्वी अपरिचित असे काही तरी आहे, ही समजूत आमच्या मुलांच्या मनात कोणी रुजवली असेल ती असो; ती निराधार आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली आपले मराठी व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांच्या नजरेसमोर होती. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी या ज्या आठ जाती मराठीच्या तासाला पाठ केल्या जातात, त्यांचे विभाजन इंग्रजी व्याकरणाच्याच धर्तीचे आहे. म्हणजे मराठीचे व्याकरण समजून शिकलेला मुलगा इंग्रजीच्या तासाला बसतो तेव्हा निम्मे सामान त्याच्या दप्तरात असतेच. फरक कोठे पडतो तेवढे दाखवून द्यावयाचे. आपला शब्दयोगी शब्द नामाच्या मागे लागतो, ‘टेबलावर’. त्यांचा पुढे उभा राहतो, ‘ऑन द टेबल’. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यांचे कर्त्याच्या लगेच पाठीशी. आपल्याला ताप ‘येतो’, म्हणजे ताप हा कर्ता आणि आपण त्याला सामोरे जाणारे. इंग्रज ‘आय हॅव अ फीवर’ म्हणतो, म्हणजे तो स्वतः कर्ता आणि ताप त्याच्या मालकीचा. हा भेद एकदा नीट उलगडून सांगितला की मुलगा ‘टू मी फीवर केम’ असे लिहिणार नाही.

या परिसरातील आठवीच्या कोणत्याही वर्गात ‘माझे वडील’ या विषयावर चार ओळी लिहावयास सांगाव्यात. निदान काही वह्यांत ‘माय फादर गो टू मार्केट, ही सेल ऑरेंज’ या घाटणीचे वाक्य आढळल्याशिवाय राहणार नाही. शिक्षक त्यावर तांबड्या शाईने काट मारतो आणि ‘गोज’, ‘द’, ‘सेल्स’, ‘ऑरेंजेस’ असे वर लिहून वही परत करतो. परंतु या चार चुका एका जातीच्या नाहीत. ‘ऑरेंजेस’ची चूक केवळ दुर्लक्षाची, कारण संत्रे आणि संत्री हा भेद मुलाला ठाऊक असतोच. ‘गोज’ आणि ‘सेल्स’ची चूक सवयीची, आणि येथे वऱ्हाडी मुलाला एक मोठी सवलत आहे, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. प्रमाण मराठीत तो जातो आणि ती जाते. वऱ्हाडीत मात्र ‘तो जाते’ आणि ‘ती जाते’, दोघांना एकच रूप. इंग्रजीतही ‘ही गोज’ आणि ‘शी गोज’ यांचे रूप एकच. ज्या बोलीबद्दल मुलाला वर्गात खाली मान घालावी लागते, तिच्याच आधाराने हा नियम त्याला एका मिनिटात सांगता येईल.

राहिला ‘द’. हा खरोखर कठीण आहे, कारण आपल्या भाषेत त्या जागी शब्दच नाही. पण अर्थ आहे. ‘दारात माणूस उभा आहे’ म्हटले की कोणी अनोळखी माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘माणूस दारात उभा आहे’ म्हटले की ज्याच्याविषयी बोलणे चालले होते तोच माणूस आला असे आपण समजतो. जे काम आपण पुष्कळदा शब्दांची जागा बदलून करतो, ते इंग्रजी ‘अ’ आणि ‘द’ या दोन शब्दांनी करते. नियमांची पाठांतरे देण्याऐवजी हे दोन मराठी वाक्यांचे उदाहरण फळ्यावर लिहिले, तर मुलाच्या ध्यानात अधिक काळ राहील असे माझे मत आहे.

स्पेलिंगविषयीची भीतीही अशीच निवळू शकते. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना आणला, आणि पुढील शतकांत शब्दांची लेखी रूपे हळूहळू पक्की होत गेली. पण त्याच काळात इंग्रजांच्या तोंडचे स्वर पालटत होते, आणि पालटलेल्या उच्चाराप्रमाणे लेखन कोणी बदलले नाही. ‘नाइट’ म्हणजे सरदार, या शब्दाच्या आरंभी जे ‘के’ अक्षर आज मुके दिसते, ते एके काळी स्पष्ट उच्चारले जात होते. इंग्रजी स्पेलिंग हे अशा रीतीने जुन्या उच्चारांचे दप्तर आहे. आणि वऱ्हाडी मुलाला ही गोष्ट नवी का वाटावी? तो घरी ‘पानी’ म्हणतो आणि वहीत ‘पाणी’ लिहितो, ‘डोया’ म्हणतो आणि ‘डोळा’ लिहितो, ‘मले’ म्हणतो आणि ‘मला’ लिहितो. जिभेवरचे एक आणि कागदावरचे दुसरे, ही परीक्षा तो पहिलीपासूनच देत आला आहे. आपल्या बोलीहून वेगळी अशी एक लेखी भाषा त्याने आधीच संपादन केली आहे. इंग्रजी ही त्याच प्रकारची दुसरी.

मात्र पहिली लेखी भाषा पक्की असेल तरच ही दुसरी तिच्यावर उभी राहते. चांदूर बाजारच्या बागायतदाराला हे निराळे समजावून सांगावे लागू नये, कारण जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून रोप तयार होते आणि खुंट निकोप नसेल तर डोळा धरत नाही, हे त्याच्या नित्य अनुभवाचे आहे. मराठीचा खुंट कच्चा ठेवून त्यावर इंग्रजी बांधण्याची घाई आज ठिकठिकाणी चालली आहे. २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आली, पुढे सेमी इंग्रजीचे वर्ग वाढले. या धोरणाच्या बऱ्यावाईटाचा खल येथे करीत नाही. पण इंग्रजी आधी आली म्हणून मराठी वाचन मागे पडले असेल, तर दोन्ही भाषा पांगळ्या होतील, याविषयी मला शंका नाही.

मग वाचावे काय आणि कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मायकेल वेस्ट या शिक्षणतज्ज्ञाचे स्मरण होते. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ढाक्यास काम करीत असता त्याने असे दाखवून दिले, की ज्या देशात बहुसंख्य मुले शिक्षण मध्येच सोडतात, तेथे सोडण्याच्या दिवशी मुलाच्या हाती काय उरते हा विचार अगत्याचा आहे. बोलण्याचे अर्धवट शिक्षण व्यर्थ जाते. वाचता येऊ लागले असेल तर ते मात्र उरते आणि पुढे आपोआप वाढू शकते. म्हणून त्याने मोजक्या शब्दांत लिहिलेली सोपी पुस्तके तयार केली, ज्यांत नवे शब्द थोडे आणि विखरून येतील. १९५३ साली त्याने प्रसिद्ध केलेली अत्यंत उपयुक्त इंग्रजी शब्दांची यादी सुमारे २००० शब्दांची आहे. एवढे शब्द ज्याच्या ओळखीचे झाले, त्याला साध्या इंग्रजी लेखनातील बहुतेक मजकूर अडखळत का होईना वाचता येतो.

आमच्याकडे याच्या उलट चालते. मुलाच्या हाती त्याच्या कुवतीच्या वरचा धडा येतो, त्याचे मराठी भाषांतर मार्गदर्शिकेतून मिळते, आणि प्रश्नोत्तरे पाठ होतात; इंग्रजी वाक्य मुळात वाचलेच जात नाही. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण हे उत्तम पुस्तक आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या ते वापरले गेले. परंतु ते संदर्भाला घ्यावयाचे पुस्तक असून ज्याने इंग्रजीची शंभर पानेही वाचलेली नाहीत त्याच्याकडून त्यातील प्रयोगबदलाची उदाहरणे सोडवून घेणे म्हणजे श्रमाचा अपव्यय होय.

लेखनासाठी मी एका जुन्या रीतीची शिफारस करतो. राणी एलिझाबेथचा गुरू रॉजर ॲस्कम याच्या १५७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, इंग्रज मुलांनी लॅटिन कशी शिकावी याची युक्ती सांगितलेली आहे: मूळ उतारा आपल्या भाषेत उतरवावा, काही वेळाने मूळ न पाहता तो पुन्हा परभाषेत करावा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहावे. दादोबांच्याच आडनावाच्या दुसऱ्या एका तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्राला भाषांतराचीच सवय लावली, आणि डॉ. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे मराठीकरण करणाऱ्या चिपळूणकर पितापुत्रांनीही याच प्रकारचे परिश्रम केले. या रीतीला शिक्षकही सतत लागत नाही, कारण चूक दाखवण्यास मूळ उताराच समोर असतो. रोज पाच ओळी पुरेत. मुलगा आपले ‘ही सेल’ आणि छापलेले ‘ही सेल्स’ शेजारी पाहतो, तेव्हा तो नियम त्याचा स्वतःचा होतो.

यासाठी लागणारी पुस्तके महाग नाहीत. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातील आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची सोपी इंग्रजी पुस्तके अल्प किमतीत मिळतात, आणि त्यांतील कित्येकांच्या मराठी आवृत्त्याही आहेत, ज्या शेजारी ठेवून वाचता येतील. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालये खेडोपाडी आहेत. तालुक्यातील ग्रंथालयांच्या चालकांना माझी विनंती आहे, की पुढील खरेदीत अशा पुस्तकांचा एक कप्पा मुलांसाठी राखावा. मुख्याध्यापकांना विनंती, की इंग्रजीच्या तासातील पंधरा मिनिटे निव्वळ वाचनासाठी सोडावीत आणि त्यावर कोणताही प्रश्न विचारू नये. आणि आईबापांना विनंती, की मुलगा घरी वऱ्हाडीत बोलतो म्हणून त्याला टोकू नये.