कोणता कोंबडा ठेवायचा?

चोपडा, यावल किंवा शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गेलात, तर घरोघरी अंगणात गावरान कोंबड्या चरताना दिसतील. कोंबडी खुडूक बसली की एकवीस दिवसांनी पिले बाहेर पडतात. त्यांत साधारण निम्मे नर असतात. चार-पाच महिन्यांचे झाले की ते आरवू लागतात आणि एकमेकांशी झोंबू लागतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. बाकीचे बाजाराला जातात किंवा चुलीवर. समजा, तुमच्या घरी असे पाच तरणे कोंबडे आहेत आणि निवड तुमच्यावर सोपवली आहे. कोणता ठेवाल?

सर्वांत थोराड आणि भांडखोर कोंबड्याकडे बोट दाखवण्याचा मोह होईल. पण थोडे थांबा. पुढच्या प्रत्येक पिलात निम्मा वारसा या एकाच कोंबड्याचा उतरणार आहे. एखादी कोंबडी निवडताना चूक झाली, तर तिच्यापुरती पिले बिघडतील. कोंबडा चुकला, तर सगळा कळप बिघडेल.

तुरा आणि भांडखोरपणा यांचा उगम एकच आहे. १८४९ साली जर्मनीतील गोटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी कोवळ्या कोंबड्यांची वृषणे काढून टाकली. त्यांचा तुरा खुरटला, आरवणे थांबले, लढण्याची खुमखुमी गेली. काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, तेव्हा हे सारे परत आले. जुन्या नसा तर तुटलेल्या होत्या; मग हे घडले कसे? वृषणातून काहीतरी रक्तात मिसळत असले पाहिजे. त्या द्रव्याला आज आपण टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक म्हणतो. म्हणून लालभडक तुरा ही वयात आल्याची आणि चांगल्या प्रकृतीची खूण आहे. स्वभावाची परीक्षा मात्र वेगळी घ्यावी लागते.

त्यात एक अडचण आहे. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड असते. नॉर्वेचे श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२१ साली तिचे वर्णन केले. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले, की पहाटे आरवण्याचा पहिला मान वरच्या क्रमांकाच्या कोंबड्याचा असतो. बाकीचे त्याच्यामागून क्रमाने आरवतात. खालच्या क्रमांकाचा कोंबडा गरीब दिसतो, पण तो दबलेला असू शकतो. वरचा गेला की त्याचा खरा स्वभाव बाहेर येतो. यासाठी प्रत्येकाला आळीपाळीने काही दिवस एकट्याला कोंबड्यांमध्ये सोडा आणि पुढील गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, दाणे. मूठभर ज्वारी टाका. चांगला कोंबडा दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो आणि 'टुक-टुक' असा आवाज काढून कोंबड्यांना बोलावतो. हावरट कोंबडा आधी स्वतः खातो.

दुसरी, पहारा. आकाशात शिक्रा दिसला की तो एक प्रकारचा आवाज काढतो. जमिनीवर कुत्रे किंवा मुंगूस दिसले की दुसरा. सावध कोंबडा खुल्या रानात कळपाला वाचवतो.

तिसरी, कोंबड्यांची पाठ. तो एक पंख खाली सोडून, गोल फिरून त्यांच्याजवळ येतो का, की नुसता पाठलाग करतो? पाठीवरची पिसे उडून कातडी दिसू लागली, तर काहीतरी बिघडले आहे.

चौथी, माणसाशी वागणूक. हातात बादली घेऊन जवळून शांतपणे चाला. बाजूला सरणारा कोंबडा बरा. मान फुलवून अंगावर येणारा किंवा पाठीमागून धावून येणारा घरी ठेवू नये. त्याच्या पायांवरची टोकदार नखे आणि चोच लहान मुलाच्या डोळ्याला इजा करू शकतात. त्याला लाथ मात्र मारू नका. ते लढाईचे आव्हान समजून तो आणखी चवताळतो.

स्वभाव खरोखर वंशात उतरतो का? १९६० च्या सुमारास अमेरिकेतील कॅन्सस येथे गूल, क्रेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी भांडखोर आणि मवाळ कोंबड्या वेगवेगळ्या जोपासल्या. थोड्याच पिढ्यांत दोन्ही कळपांत स्पष्ट फरक पडला. आपल्या अंगणातली निवडही असेच काम करते.

आणखी एक काळजी घ्या. बाप-लेकींचा संकर वर्षानुवर्षे चालू राहिला, तर पिले कमजोर होतात. म्हणून दोन-एक वर्षांनी दुसऱ्या गावच्या कोंबड्याशी अदलाबदल करणे चांगले. परंतु नवा पक्षी थेट कळपात सोडू नका. नवापूर आठवा, १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबारमध्ये आहे. २००६ च्या फेब्रुवारीत तेथील कुक्कुटपालन केंद्रांत भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पाहुणा कोंबडा दोन-तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवून त्याच्यावर नजर ठेवावी.

मित्रांनो, वहीत पाच कोंबड्यांची नावे आणि चार रकाने आखा. रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे पाहा आणि दिसेल तेवढेच लिहा. पाचांची पाळी संपली की वही घरात सर्वांना वाचून दाखवा. चार कोंबड्यांचा जीव तुमच्या निवडीवर अवलंबून आहे, तेव्हा ती डोळसपणे केलेली असावी.